विकर (एन्झाइम) ऊर्जा पुरवत नाही, तर न घडणारी अभिक्रिया घडते कशी?

प्रश्न:
विकर अभिक्रियेचा वेग वाढवते, पण स्वतः खर्च होत नाही आणि ऊर्जाही देत नाही, असे पुस्तकात वाचले. ग्लुकोजला फॉस्फेट जोडले जाणे ही तर आपोआप न घडणारी अभिक्रिया आहे. मग हेक्झोकायनेज हे विकर ती कशी घडवून आणते? जाणकारांनी कृपया उलगडून सांगावे.

प्रतिसाद १:
आपल्या प्रश्नात अभिक्रियेची दिशा आणि तिचा वेग या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. दिशा ठरते ती सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ यांच्या ऊर्जेतील फरकावरून, आणि तो फरक विकर तसूभरही बदलत नाही. ते फक्त मधला चढ, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यासाठी लागणारी सक्रियण ऊर्जा, कमी करते. हायड्रोजन पेरॉक्साइड बाटलीत महिनोन्‌महिने टिकते, मात्र जखमेवर पडताच फेसाळते, कारण रक्तातील आणि ऊतींतील कॅटालेज हे विकर त्याचे पाणी व ऑक्सिजन यांत झपाट्याने विघटन करते. ते विघटन कॅटालेजविनाही होतच असते, फक्त अतिशय संथपणे.

प्रतिसाद २:
हेक्झोकायनेजच्या बाबतीत ऊर्जा येते ती एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूकडून. या विकराचे दोन भाग असून त्यांच्यामधील खाचेत ग्लुकोज बसला की ते भाग एकमेकांकडे झुकून मिटतात, त्यामुळे पाणी बाहेर राहते आणि एटीपीचा शेवटचा फॉस्फेट पाण्यावर वाया न जाता ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाला जोडला जातो. एमिल फिशर यांनी १८९४ साली मांडलेली कुलूप-किल्लीची उपमा (विकर हे कुलूप, त्यात नेमका बसणारा पदार्थ ही किल्ली) येथे अपुरी पडते. किल्ली आत येताच कुलूपच आपला आकार बदलते, हा कॉशलंड यांचा १९५८ मधील विचार मला अधिक नेमका वाटतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. परंतु एटीपीत एवढी ऊर्जा असेल, तर त्याला विकराची गरज का भासावी?

प्रतिसाद २:
कारण विकर नसेल तर एटीपी पाण्यात बराच काळ तसाच राहतो, आणि हीच त्याची मोठी उपयुक्तता आहे, असे मी म्हणेन. तो पाण्यात आपोआप भराभर विघटित झाला असता, तर त्याची ऊर्जा केवळ उष्णता होऊन गेली असती. विकरामुळे ती कोठे आणि कशासाठी खर्च करायची हे पेशीच्या हाती राहते.