गुदाशयाचा कॅन्सर: एंडोरेक्टल सोनोग्राफीत टी१ आणि टी२ वेगळे कसे ओळखायचे?

प्रश्न (सोनोलॉजिस्ट, वाशी)
गुदद्वाराच्या कडेपासून ६ सेंमीवर अडीच सेंमीची गाठ आहे, बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर). एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘टी१ किंवा टी२’ एवढंच आहे (टी१ म्हणजे भिंतीच्या स्नायूपर्यंत न पोचलेली गाठ, टी२ म्हणजे स्नायूत शिरलेली). टी१ असेल तर गुदद्वारातूनच गाठ काढायची आणि टी२ असेल तर टीएमई (गुदाशय भोवतीच्या चरबीसकट काढायची मोठी शस्त्रक्रिया), असं सर्जन म्हणतात. आमच्याकडे ३६० अंशांत फिरणारा १० मेगाहर्ट्झचा, गुदाशयात घालायचा प्रोब आहे. तयारी कशी करावी आणि चूक नेमकी कुठे होते?

उत्तर १ (कोलोरेक्टल सर्जन, ठाणे)
तपासणीच्या एक-दोन तास आधी एनिमा द्या. मळाचा छोटा तुकडा राहिला तरी मागे सावली पडते आणि नेमकी गाठीची बाजू झाकली जाते. आधी बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने बघून गाठ घड्याळाच्या कितीच्या काट्यावर आहे ते लिहून ठेवा. पेशंट डाव्या कुशीवर.

प्रोबवरच्या पाण्याच्या फुग्यातली हवा काढण्यात घाई नको. पाणी भरा, बुडबुडे एका जागी जमले की सिरिंजने ओढून घ्या. दोन-तीनदा करावं लागतं. आत गेल्यावर साधारण ३० ते ६० मिली पाणी पुरतं. प्रोब गाठीच्या वरच्या कडेपलीकडे न्या आणि बाहेर घेत घेत बघा. वरची कडा ओलांडली नाही तर तिथली खोली आणि वरच्या लिम्फ नोड (लसीका गाठी) दोन्ही निसटतात.

भिंतीचे पाच थर दिसतात: पांढरा, काळा, पांढरा, काळा, पांढरा. तुमचं उत्तर मधल्या पांढऱ्या रेषेत आहे, ती सबम्युकोसा, म्हणजे अस्तराखालचा थर. ती अखंड असेल तर यूटी० (‘यू’ म्हणजे सोनोग्राफीवरून ठरवलेली टी पायरी). जाड, कुरतडल्यासारखी पण सलग असेल तर यूटी१. तुटून गाठीचा काळा भाग बाहेरच्या काळ्या थरात, म्हणजे स्नायूत शिरला तर यूटी२. बाहेरची पांढरी रेषाही फुटून चरबीत घुसला तर यूटी३.

उत्तर २ (रेडिओलॉजिस्ट, ऐरोली)
वरच्या उत्तरात भर. सगळ्यात जास्त फसवणूक तिरक्या कापाने होते. प्रोब भिंतीला काटकोनात नसला की थर जाड आणि तुटल्यासारखे दिसतात, आणि टी१ चा टी२ होतो. शंका आली की प्रोबचा कोन बदलून तीच जागा पुन्हा बघा; समोरच्या निरोगी भिंतीचे पाचही थर स्वच्छ दिसत असतील तरच गाठीच्या बाजूवर मत द्या. फुगा जास्त फुगवला तर थर चेपून एकमेकांत मिसळतात, म्हणून थोडं पाणी काढून परत बघायचं.

बायोप्सी कधी झाली? त्या जागेची सूज आणि रक्त हेही काळंच दिसतं. पॉलिप काढायचा प्रयत्न होऊन गेला असेल तर आणखी अवघड. गाठीभोवतीच्या सुजेमुळे टी२ ला टी३ म्हणणं ही या तपासणीची जुनीच खोड आहे.

नोड समजून रक्तवाहिनी मोजली जाते, तीही सांभाळा. प्रोब थोडा वर-खाली सरकवा: वाहिनी नळीसारखी पुढे जात राहते, नोड संपतो. गोल, काळा, ५ मिमीपेक्षा मोठा असेल तर संशय घ्या, पण आकारावर विसंबू नका. छोट्या नोडमध्येही कॅन्सर असतो.

प्रश्नकर्ता
बायोप्सी नऊ दिवसांपूर्वी, पुढच्या भिंतीवर. मधली रेषा एकाच ठिकाणी धूसर दिसली तर काय लिहू?

उत्तर १ (कोलोरेक्टल सर्जन, ठाणे)
धूसर जागा बायोप्सीचीच आहे का ते प्रॉक्टोस्कोपीशी ताडून बघा आणि तसंच लिहा: ‘यूटी१, अमुक काट्यावर रेषा अस्पष्ट, तिथे बायोप्सी झालेली’. ओढूनताणून एक आकडा देऊ नका, पेशंटची शस्त्रक्रिया त्यावर ठरणार आहे. पुढची भिंत आहे, तेव्हा पुरुष असेल तर प्रोस्टेट, स्त्री असेल तर योनीची भिंत यांच्याशी असलेली सीमाही नोंदवा.

मेसोरेक्टल फॅशिया (गुदाशयाभोवतीच्या चरबीचं बाहेरचं आवरण) मात्र एमआरआयवरच ठरवा, सोनोग्राफीत ती नीट दिसत नाही. आणि यूटी१ आलं तरी काढलेल्या गाठीत लिम्फ किंवा रक्तवाहिनीत शिरकाव, कमी डिफरन्शिएशन (पेशी मूळ पेशींपेक्षा फारच वेगळ्या दिसणं) किंवा सबम्युकोसात खोलवर वाढ सापडली, तर टीएमईचा विचार करावा लागतो. हे पेशंटला आधीच सांगितलेलं असावं. दुसरं मत हवं असेल तर खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) तुम्हाला जवळच आहे.