स्पेंग्लर कप: क्लबांच्या स्पर्धेत टीम कॅनडा कशासाठी? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

निळी रेषा
स्वित्झर्लंडमधल्या दावोसला दरवर्षी २६ ते ३१ डिसेंबर या काळात स्पेंग्लर कप भरतो. १९२३ पासून चालत आलेली आइस हॉकी क्लबांची स्पर्धा. यजमान एचसी दावोस आणि निमंत्रित पाच, असे सहा संघ. माझं म्हणणं सरळ आहे: टीम कॅनडाला इथे जागा नको, आणि पाचातल्या निदान तीन जागा लीगमधल्या कामगिरीवर द्या.

२०१७ आठवून बघा. अंतिम सामना टीम कॅनडा विरुद्ध टीम स्विस, निकाल ३-०. क्लबांच्या चषकाच्या अंतिम सामन्यात क्लब एकही नाही! पुढच्या फेब्रुवारीत प्योंगचांगचं ऑलिंपिक होतं, एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आपले खेळाडू सोडणार नव्हती, म्हणून दोन्ही देशांनी दावोसला ऑलिंपिकच्या तयारीसाठी वापरलं. २०१५, २०१६, २०१७ अशी सलग तीन वर्षं कप कॅनडाकडेच गेला. युरोपभर खेळणाऱ्या कॅनेडियन खेळाडूंतून निवडलेल्या संघासमोर एका गावाचा क्लब उभा करायचा, यात बरोबरी कुठे आली? युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स हॉकी लीगमध्ये आज रिंकवरच्या निकालांवरून प्रवेश मिळतो. इथेही तसंच व्हायला हवं.

एक-तीन-एक
निळी रेषा, नावं मोठी असली म्हणजे संघ तयार होतो असं नाही. हा संघ स्पर्धेच्या तोंडावर एकत्र येतो, एकत्र सराव अगदी मोजका. याचा पहिला फटका पॉवरप्लेला बसतो, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेमुळे बाहेर असताना पाच विरुद्ध चार खेळण्याला. १-३-१ मांडणीत वर एक डिफेन्समन, दोन बाजूंना दोन नेमबाज, मध्ये 'बंपर' आणि गोलसमोर एक जण. बंपरने पक (खेळाची रबरी चकती) घेऊन थांबायचं नसतं. घेतला की एका स्पर्शात सोडायचा, आणि बाजूच्याने स्टिक आधीच उचललेली हवी. यात अर्धा सेकंद उशीर झाला की समोरच्या चौघांचा चौकोन आवळतो, पास अडतो आणि पक १८० फूट लांब जातो. अशी सवय महिनोन्महिने एकत्र खेळून लागते. क्लबकडे ती असते, कॅनडाकडे नसते. म्हणून त्यांचे पहिले दोन सामने बहुधा विस्कळीत दिसतात.

आकडेही तुमच्या बाजूने नाहीत. १९८४ ला कॅनडा आला आणि आल्या वर्षीच जिंकला, हे खरं. पण २०१९ पर्यंत त्यांची १६ विजेतेपदं झाली, तर दावोसने २०२३ मध्ये १६ चाच आकडा गाठला. २०२० आणि २०२१ ला स्पर्धा झाली नाही. त्यानंतर २०२२ ला अंब्री-पिओत्ता, २०२३ ला दावोस, २०२४ ला फ्रिबूर-गोतेरों. तिन्ही स्विस क्लब. झुकतं माप कुणाला मिळतंय ते यावरून कळतं.

आणि कॅनडा उपरा म्हणावा तर पहिल्याच वर्षी कप नेला तो ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाने, आणि त्या संघात भरणा होता तो तिथे शिकायला आलेल्या कॅनेडियनांचा.

तिसरा पिरियड
तुम्ही दोघं कुणाला बोलवायचं यावर भांडताय. खरा अन्याय वेळापत्रकात आहे.

२०१० च्या आधी पाच संघ होते, प्रत्येकाशी प्रत्येक. १० साखळी सामने आणि अंतिम, एकूण ११. अंतिम फेरीतले दोघेही चार-चार सामने खेळून आलेले असायचे. आता तीन-तीनचे दोन गट, टोरियानी आणि कातिनी. ६ गटसामने, २ उपउपांत्य, २ उपांत्य, १ अंतिम. एकूण पुन्हा ११च. पण गटातल्या सहा सामन्यांतून बाहेर कोण पडतं? कुणीच नाही. गटविजेता थेट उपांत्य फेरीत जातो, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या गटातल्या संघाशी उपउपांत्य खेळतात.

आता तारखा मांडा. गटात रोज एक सामना, म्हणजे एक संघ २६-२७ ला खेळतो, एक २६-२८ ला आणि एक २७-२८ ला. २७-२८ वाला गट जिंकू शकला नाही आणि तरी पुढे जात राहिला, तर २७ ते ३१ सलग पाच दिवस पाच सामने. २६-२७ वाल्यालाही पाचच, पण २८ ला त्याला अख्खा दिवस विश्रांती. गटविजेत्याला एकूण चारच.

त्यात वेळा बघा: दुपारी ३.१० आणि रात्री ८.१५. (रात्रीचा सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर पाऊणला सुरू होतो.) २८ च्या रात्रीचा सामना पावणेअकराच्या सुमारास संपणार, आणि २९ ला दुपारचा सामना वाट्याला आला तर मध्ये साडेसोळा तासही नाहीत. ग्लोव्ह आणि स्केटचं अस्तर तोवर धड वाळत नाही. ओलं स्केट सैल पडतं, टाच आत हलते, वळताना पात्याची कड सुटते. दुसरी जोडी असेल तर ठीक, नाहीतर रात्रभर ब्लोअर लावून बसायचं. यजमान दावोसचे गटातले सामने मात्र साधारणपणे रात्रीचेच असतात.

एक-तीन-एक
वेळापत्रकाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यात उंचीची भर घाला. दावोस १५६० मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने कमी. खालून आलेल्या संघाने नेहमीची ४५ सेकंदांची शिफ्ट (एका खेपेला बर्फावर खेळायचा वेळ) तशीच ठेवली तर तीनातल्या दुसऱ्या पिरियडमध्ये पाय जड होतात. त्या पिरियडमध्ये बाजू बदललेल्या असतात, स्वतःचा बाक लांब पडतो, दमलेली लाइन (एकत्र उतरणारी खेळाडूंची तुकडी) बदलायला जाताना मधे अडकते आणि तिथेच गोल बसतो. शिफ्ट ३५ सेकंदांवर आणायची आणि चारही लाइन सारख्या फिरवायच्या, एवढाच उपाय. पाहुणा प्रशिक्षक पहिल्या दिवशी हे करत नाही, कारण त्याला वरच्या दोन लाइनवर सामना जिंकायचा असतो.

कोपऱ्यातला पक
निळी रेषा यांच्या 'कामगिरीवर प्रवेश' या मागणीबद्दल. कागदावर छान आहे, चालणार नाही.

स्विस लीग नाताळात थांबते. जर्मन लीग थांबत नाही, तिथे याच आठवड्यात प्रेक्षक सर्वांत जास्त येतात. जर्मन क्लब दावोसला गेला की त्याचे लीग सामने पुढेमागे सरकवावे लागतात, आणि त्यासाठी प्रतिस्पर्धी क्लबांचाही होकार लागतो. स्वीडनमध्ये २६ डिसेंबरचा सामना म्हणजे घरच्या तिकीटविक्रीचा मोठा दिवस. पात्र ठरलेल्या क्लबाने 'नाही जमत' म्हटलं तर जागा कुणाला देणार? दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि शेवटी पुन्हा निमंत्रणच. शिवाय त्याच दिवसांत २० वर्षांखालील जागतिक स्पर्धा असते, तरुण खेळाडू तिकडे जातात. क्लबाला पाहुणे खेळाडू उसने घ्यावे लागतात, म्हणजे पात्र ठरलेला संघ आणि प्रत्यक्ष खेळणारा संघ एक राहत नाहीत.

आणि निमंत्रणामुळेच अंब्रीसारखा क्लब इथे येतो. तिचिनोतल्या डोंगराळ खोऱ्यातलं खेडं, स्विस विजेतेपद तोवर कधीच नाही, आणि २०२२ ला स्पार्टा प्रागला शूटआउटमध्ये हरवून कप नेला. फिनलंडमधल्या कुओपिओच्या कालपा क्लबाने २०१८ ला कॅनडालाच शूटआउटमध्ये हरवलं, २-१. ही दोन वर्षं काढून टाकलीत तर स्पर्धेत काय राहतं सांगा.

निळी रेषा
कोपऱ्यातला पक, नकाराचा मुद्दा पटला. तीन जागांची मागणी मी सोडतो. पण कॅनडाबद्दल मत तेच. कालपा जिंकली म्हणून नियम बरोबर ठरत नाही. दुखापतीची जोखीम उचलतो तो पगार देणारा क्लब, आणि खेळाडू खेळतो दुसऱ्याच्या जर्सीत. जानेवारीत गुडघा धरून परत आलेल्या फॉरवर्डची जागा तो क्लब कुठून भरणार? निदान एवढं तरी करा: एका क्लबाकडून कॅनडाने दोनच खेळाडू घ्यावेत, आणि ऑलिंपिकच्या वर्षी दुसरा राष्ट्रीय संघ बोलावू नये.

तिसरा पिरियड
दुसरी अट आजच लागू करावी. पहिलीत अडचण आहे. कॅनेडियन खेळाडू काही मोजक्या स्विस आणि जर्मन क्लबांत एकवटलेले असतात, आणि जर्मन क्लबांचे खेळाडू लीगमुळे सुटत नाहीत. दोनची मर्यादा घातली तर २० स्केटर आणि २ गोलरक्षकांसाठी निदान ११ क्लबांचा होकार मिळवावा लागेल. तीन केली तर आठ क्लब पुरतात, ते जमण्यासारखं आहे.

त्याआधी २७-२८ वाल्या संघाला २९ ला रात्रीचाच सामना द्या. यासाठी नवा नियम लागत नाही, फक्त दुपारची आणि रात्रीची जोडी अदलाबदल करायची. यजमानांचा सामना त्यामुळे दुपारी गेला तर तो दुपारी जाऊ द्या.