टार्गेटेड औषधाने ऑपरेशन टळतं का?

एका ताईंनी विचारलंय, वडिलांच्या गालाच्या कॅन्सरला टार्गेटेड औषध, म्हणजे कॅन्सरच्या पेशीतल्या ठरावीक भागावरच नेम धरणारं औषध, दिलं तर ऑपरेशन टळेल का. ऑपरेशन होण्याजोगं असेल तर नाही, ताई. आधी ऑपरेशन, मग गरजेप्रमाणे रेडिएशन, हाच पाया आहे. कृपया तारीख पुढे ढकलू नका.

या कॅन्सरच्या पेशींवर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारा भाग, बहुधा जास्त असतो आणि तो वाढीचा संदेश आत पोचवतो. सेटुक्सिमॅब, निमोटुझुमॅब ही शिरेतून दिली जाणारी औषधं त्याला बाहेरून अडवतात, एर्लोटिनिबची गोळी आतून.

आमचे काका तासगावचे, तीस वर्षं तंबाखू-चुना. आजार उलटल्यावर मिरजेत मेथोट्रेक्सेट (केमोचं औषध), सेलेकॉक्सिब (सूज-वेदनेवरचं औषध) आणि एर्लोटिनिब सुरू झालं. दहा-बारा दिवसांत तोंडावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ आलं. कुणी म्हणालं उष्णता, आणि आम्ही डॉक्टरांना न विचारता एर्लोटिनिबची गोळी बंद केली. ती आमची चूक. पुरळ त्या औषधाचंच असतं, त्यावर मलम-गोळ्या मिळतात. जुलाबही होतात, तेही लगेच कळवा.

मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने २०२२ मध्ये ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांवरचा अभ्यास मांडला. याच तीन औषधांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब जोडलं, तर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. निवोलुमॅब टार्गेटेड नव्हे, इम्युनोथेरपी आहे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध. पण डोस नेहमीच्या दहाव्या भागाहून कमी, म्हणून खर्चही कमी, आणि शेतकऱ्याच्या घराला निदान विचार तरी करता येतो. वडिलांवर ती वेळ आलीच, तर डॉक्टरांना याबद्दल नक्की विचारा.