३ किलोवॉटचा गीझर जास्त वीज खातो, हे गणितच चुकलंय

चिरेबंदी:
काल इथे एक सल्ला आला: "गोव्यात इन्स्टंट (नळ सोडताच पाणी तापवणारा) गीझर घेऊ नका, ३ किलोवॉट खातो. २५ लिटरचा पाच स्टार टाकीवाला घ्या आणि दिवसभर चालू ठेवा, थर्मोस्टॅट सांभाळून घेतो." तो वाचून लोक दुकानात जातील, म्हणून सविस्तर लिहितो.

बिल किलोवॉटचं येत नाही, युनिटचं येतं (एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास). एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात, मग कॉइल कुठलीही असो. आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २७ अंशांवर असतं, आंघोळीला ४० पुरतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीला ०.३ युनिट. ३ किलोवॉटचा इन्स्टंट ते सहा मिनिटांत देतो, २ किलोवॉटचा नऊ मिनिटांत. युनिट तेवढंच.

फरक पडतो तो टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेने. स्टार लेबलवर २४ तासांच्या झिरपेचा आकडा असतो, तो पाणी आणि बाहेरची हवा यांतल्या ४५ अंशांच्या फरकाला मोजलेला. समजा तो ०.६ युनिट आहे. ६० वर ठेवलेल्या टाकीत आपल्याकडे फरक ३३ अंशांचा, म्हणजे रोज ०.४४ युनिट नुसतं हवेत. चार बादल्यांना १.२ युनिट लागत असेल तर दिवसभर चालू ठेवल्याने त्यावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भर पडते. पाच स्टारने ही गळती कमी होते, बंद होत नाही. स्विच बंद करणं मात्र फुकट आहे.

मांडवीकाठ:
तो सल्ला मीच दिला होता. गणित मान्य, पण तुम्ही बादलीच धरून बसलात. आज कोण बादलीने आंघोळ करतं? साधा शॉवर मिनिटाला ७ लिटर सोडतो. ३ किलोवॉट त्याला जेमतेम ६ अंश वाढवतो. पावसाळ्यात २४ अंशांचं पाणी ३० होऊन अंगावर पडेल. कोमट सुद्धा नव्हे! त्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की तुमचा ३ किलोवॉट २ वर येतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. टाकीवाल्याला त्याने काही बिघडत नाही, फक्त तापायला वेळ जास्त लागतो.

चिरेबंदी:
शॉवरवाल्यांनी टाकी घ्यावी, ते बरोबर. पण २५ लिटर का? १५ लिटर ६० अंशांवर म्हणजे थंड मिसळून ३८ लिटर. खालून थंड पाणी शिरतं म्हणून ३० धरा. २ किलोवॉटवर १७ मिनिटांत तयार. आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, नळ सोडण्याआधी बंद करा.

पेडण्याची:
चिरेबंदीबाब, थर्मोस्टॅट ४५ वर ठेवा असंही लोक सांगतात, ते खोडून काढा. २५ ते ४५ अंशांत लेजिओनेला (फुप्फुसाचा आजार देणारा जिवाणू) वाढतो. टाकी असेल तर ६० वरच हवी. आणि गीझर न्हाणीच्या जवळ हवा. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक) पाइपाच्या १० मीटरमध्ये सव्वा लिटर पाणी बसतं. दर वेळी तेवढं गरम पाणी पाइपातच निवतं. गच्चीवर एक मोठा गीझर बसवून तीन न्हाण्यांना पाणी देणारे हे विसरतात. साधा यूपीव्हीसी पाइप तर गरम पाण्याला वापरूच नये, तो मऊ पडतो.

सडेवाला:
इन्स्टंट, टाकी सगळं महाग. दीड किलोवॉटची इमर्शन रॉड घ्या. झिरप शून्य, पाइप शून्य, वीज पूर्ण पाण्यात. आजीच्या काळी न्हाणीत तांब्याचं भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) होतं, तेच काम.

वायरमन फोंडा:
रॉडचा हिशेब बरोबर, सल्ला घातक. भाणाखाली लाकडं होती, करंट नव्हता. आवरणाला चीर गेली की बादलीतलं पाणीच जिवंत होतं आणि मुलं हात घालून "तापलं का" बघतात. कुठली कॉइल घ्यायची यावर इथे एवढं लिहिलंत, अर्थिंगबद्दल एक ओळ नाही.

सडेवाला:
घराला अर्थिंग आहे. कोळसा-मीठ घातलेला खड्डा आहे. एमसीबी (प्रवाह फार वाढला की 'पडणारा', म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच) आहे. लोकांना घाबरवू नका.

वायरमन फोंडा:
घाबरवत नाही, आकडे देतो. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मे महिन्यात खड्डा सुकतो. अर्थचा रोध १०० ओहम धरा. फेज गीझरच्या अंगाला लागला तर प्रवाह २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला पडणारच नाही. नळ, शॉवर, सगळं २३० च्या आसपास राहील आणि घरात कोणाला कळणार नाही. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीत गळला की पडणारा स्विच) तोच बिघाड क्षणात तोडतो. त्याला १०० ओहमचा वाईट खड्डाही पुरतो.

मांडवीकाठ:
धागा गीझरच्या विजेचा आहे. अर्थिंगचा वेगळा काढा.

वायरमन फोंडा:
नाही काढणार. जुन्या घरांत अर्थची वायरच नसते, मग थ्री-पिनच्या अर्थच्या भोकातून न्यूट्रलला तुकडा जोडून देतात. गिऱ्हाइकाला दाखवायला फेज आणि अर्थमध्ये दिवा लावतात, दिवा पेटतो, "अर्थिंग ठीक". तो न्यूट्रलवर पेटलेला असतो! पुढे मागे न्यूट्रल सुटला की गीझरचं अंग थेट फेजवर. माणूस मरतो तो असा.

ओळखायचं कसं: मेन स्विच बंद करा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. मग मल्टिमीटरने सॉकेटचं न्यूट्रल आणि अर्थ तपासा. शून्याच्या जवळ ओहम आले तर तुकडा आहे. दुसरी खूण: आरसीसीबी असताना फेज-अर्थमध्ये १०० वॉटचा दिवा लावला की आरसीसीबी पडलाच पाहिजे. न पडता दिवा पेटला, तर एक तर तुकडा आहे नाही तर आरसीसीबी मेलेला. हे काम वायरमनकडून करून घ्या, स्वतः करू नका.

सडेवाला:
ठीक आहे. रॉडचं मागे घेतो, निदान आरसीसीबी बसेपर्यंत. पण भाड्याच्या घरात मालक तो बसवत नाही, तिथे काय करायचं तेही सांगा.

पेडण्याची:
सॉकेटलाच लागणारा आरसीडी (आरसीसीबीचंच काम करणारा) मिळतो, जाताना काढून न्यायचा. घेताना १६ अँपिअरचा बघा, कारण ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर.

आणि कुठला गीझर घ्यायचा यातलं एक राहिलं. विहिरीचं पाणी. जांभ्यातलं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्यात लोह. इथे क्षार साचण्यापेक्षा टाकी गंजण्याचा धोका मोठा. काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा, म्हणजे अ‍ॅनोड असतो, तो आधी झिजतो म्हणून टाकी वाचते. वर्षाने उघडून बघा, निम्मा झिजला की बदला. किनाऱ्यालगत विहीर मचूळ असेल तर ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या टाकीलाही क्लोराइडने बारीक भोकं पडतात. "स्टील आहे, गंजत नाही" हे दुकानातलं बोलणं.

मांडवीकाठ:
हे मला नवीन आहे. आणि दिवसभर चालू ठेवा हेही मागे घेतो, टायमर लावा म्हणायला हवं होतं. पण हीट पंपाचं (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या यंत्राचं) कोणीच काढलं नाही.

चिरेबंदी:
घरगुती चार बादल्यांना नको. तिप्पट कार्यक्षमता धरली तरी १.२ चे ०.४ युनिट होतात आणि मोठ्या टाकीची झिरप त्यातलं बरंच खाते. होमस्टेला मात्र जरूर. रोज ५०० लिटर, थंड मिसळून ५० अंशांचं, म्हणजे कॉइलने १३.४ युनिट, पंपाने साडेचार. आपल्या दमट हवेत त्यातून पाणी खूप ठिबकतं, निचऱ्याची नळी आधी काढा. समुद्राजवळ लेप दिलेले फिन (हवेतली उष्णता घेणारे पत्रे) घ्या.

म्हापशेकर:
फ्लॅट सहा महिने बंद होता, आता गीझर लावला की आरसीसीबी पडतो. आरसीसीबी काढून टाकायला सांगतायत.

वायरमन फोंडा:
काढू नका. कॉइलच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट हवेत ओल धरते. कॉइल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) बघायला सांगा. १ मेगाओहमच्या खाली आली तर बाहेर काढून वाळवायची, पुन्हा मोजायची. नाही सुधारली तर नवीन घाला. टाकी भरल्याशिवाय स्विच लावू नका, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की पाणी सोडणारा) ठिबकतो म्हणून कोणी त्याला प्लग मारलाय का तेही त्याच वेळी बघून घ्या.