उट्रेख्त स्टेशनवरची भाड्याची सायकल

नेदरलँड्सच्या उट्रेख्त शहरात स्टेशनवर उतरल्या उतरल्या सायकल मिळते का, असं तुम्ही दोघांनी विचारलंय. मिळते, पण कार्डाची भानगड आहे. तिथल्या रेल्वेची ती निळी-पिवळी भाड्याची सायकल, ओव्ही-फीट्स, हवी तर स्वतःच्या नावाचं बस-रेल्वेचं प्रवासकार्ड (उदा. ओव्ही-चिपकार्ड) लागतं, आणि त्यावर सायकलची सोय आधी चालू करून घ्यावी लागते (ती फुकट असते). बिननावाचं कार्ड चालत नाही. एका कार्डावर दोन सायकली मिळतात, म्हणजे तुमचं जोडप्याचं काम एकातच भागेल. भाडं २४ तासांच्या हिशेबानं. उट्रेख्तची सायकल घेऊन दुसऱ्या स्टेशनवर सोडली तर वर १० युरो, तेवढं लक्षात ठेवा.

आणि ब्रेक! हँडलला तो नसतोच. पॅडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. पुण्यात लहानपणी तासावर सायकली घेऊन फिरलेल्या मला पहिल्या सिग्नलला बोटं हवेतच आवळल्याचं आठवतंय. मागच्या आजीबाई घंटी वाजवत शांतपणे बाजूनं गेल्या. तेव्हा आधी गल्लीत दोन फेऱ्या मारा.

स्वतःची सायकल नेणार असाल तर स्टेशनखालच्या तळात साडेबारा हजार मावतात. आपली कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो काढून ठेवा.