'बोनाफाईड' म्हणजे दाखला नव्हे

देवगडचा मास्तर:
तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. दर जूनला मुलं यायची, "सर, बोनाफाईड पाहिजे." त्यांना ते कागदाचंच नाव वाटतं. मूळ लॅटिन 'बोना फिदे', म्हणजे सद्भावाने. तिथली विभक्ती करते ते काम आपल्याकडे 'ने' हा प्रत्यय करतो. शब्द माणसाच्या वागण्याबद्दल आहे. फिदेस ही रोमनांची विश्वासाची देवता, तिचं देऊळही होतं. आपण रवळनाथासमोर शब्द देतो, त्याच जातीची ही गोष्ट. इंग्रजीत आता या शब्दाचा अर्थ नुसता 'अस्सल' झालाय. हापूस अस्सल असतो, सद्भाव मनात असावा लागतो. हा फरक पुसला जाऊ नये असं मला फार वाटतं.

मालवणचो झील:
मास्तरानू, शब्द बदलतले नाय तर काय? शाळेत जावन 'खरेपणाचो दाखलो' मागलंय, तर कारकून माझ्या तोंडाकडे बघीत रवतलो. इंग्रजीतही आधी ते क्रियाविशेषण होतं, मग 'बोना फाइड ऑफर' असं विशेषण झालं. त्याचं नाम 'बोना फाइडिज' लॅटिनमध्ये एकवचनी, तरी इंग्रजीत त्याला सर्रास अनेकवचनी 'आर' लावतात. त्यांना चालतं, मग आपल्यालाच बंधन कशाला?

वेंगुर्ल्याची वकील:
दाखल्यापुरतं चालेल, जमिनीत चालत नाही. "मी बोनाफाईड खरेदीदार" म्हणत लोक येतात; त्यांच्या मनात अर्थ असतो, 'पैसे खरे मोजलेत'. सातबाऱ्यावर बारा नावं, अर्धे हिस्सेदार मुंबईत, आणि सही एकट्या चुलत्याची! १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ सद्भाव मागतंच, शिवाय विकणाऱ्याला विकायचा अधिकार आहे का याची वाजवी चौकशीही मागतं. आणि सर, तुमचं 'मनात असावा' हेही अर्धंच. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, म्हणजे कायद्यांतल्या शब्दांचे सर्वसाधारण अर्थ सांगणाऱ्या कायद्यात, प्रामाणिकपणे केलेलं कृत्य निष्काळजी असलं तरी सद्भावातलंच. १८६०च्या दंड संहितेच्या कलम ५२ने मात्र पुरेशी काळजी घेतल्याशिवाय सद्भाव मानलाच नाही. तिच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेतही तेच.

देवगडचा मास्तर:
ताई, हे मला ठाऊक नव्हतं. पण यामुळेच तर मूळ अर्थ शिकवायला हवा. 'बोनाफाईड' म्हणजे सद्भावाने, हे माहीत असेल, तर माणूस निदान विचारेल तरी, "बाकीच्या अकरांना कळवलंत का?"

मालवणचो झील:
सातबाऱ्याचा पटला. माझ्या बापाशीनही अशीच एक जागा बघितलेली, हिस्सेदारांक इचारूक आता मीच जातंय. पण दाखलो मागूक गेलंय तर 'बोनाफाईड'च म्हणतलंय, मास्तरानू.