बेवारस बॅग दिसली तरी आता कोणी उठत नाही. दहशतवादाची काळजी संपली का आपली?

अजिंक्यताऱ्याखाली
परवा सोमवारी स्टँडवर कोरेगाव गाडीची वाट बघत बसलो होतो. बाकाखाली एक काळी सॅक, चांगली फुगलेली, आणि मालकाचा पत्ता नाही. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला, शेजारच्या मावशींनी पाय लांब करायला ती ढकलून आत सरकवली आणि परत शेंगा सोलायला लागल्या. २६/११ नंतर, २००९ साली हीच सॅक दिसली असती तर अख्खा स्टँड रिकामा झाला असता, त्या वर्षी सातारा काय आणि फलटण काय, लोक डबासुद्धा संशयानं बघायचे. ज्या माणसानं गिरगाव चौपाटीवर नुसत्या काठीनिशी जाऊन कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली ते तुकाराम ओंबळे आपल्या जावळीतल्या केडंब्याचे, आणि आपणच इतके निवांत झालो? मला खरंच विचारायचंय, अजून काळजी करायची गरज आहे की नाही? माझं मत आहे, आहे.

कृष्णाकाठचा
सांगलीकर म्हणून सांगतो, राग मानू नका. आमची झोप उडते ती कोयनेतून किती विसर्ग सोडला त्या आकड्यानं. २००५, २०१९, २०२१, तीनदा घरात पाणी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि बायाबापड्या डोळ्यादेखत गेल्या. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली, तुमच्या खंबाटकी घाटात किती गाड्या उलटल्या ते तुम्हीच बघता की. ज्यानं आपण मरायची खरी शक्यता आहे त्याला घाबरा, आणि लोकांनी स्टँडवर भेदरून बसावं हेच तर त्या लोकांना पाहिजे असतं, मग तुम्ही फुकटात त्यांचं काम का करताय?

अजिंक्यताऱ्याखाली
दादा पुराचं दुःख मी नाकारतच नाही. पण पूर तुम्ही कुठं बेसावध आहात ते शोधत येत नाही. पाणी वाढलं की वाढलं, आकडा कळतो, भांडी माळ्यावर ठेवता येतात. माणूस बघून येतो. १९९३ ला आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं, १२ मार्चला मुंबईत २५७ जीव गेले. त्यानंतर १५ वर्षांनी दहा जण परत समुद्रातूनच आले आणि १६६ माणसं मारली. तोच समुद्र! मधल्या काळात आपण तिकडं बघायचं सोडलं होतं. मेलेल्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून हे कळत नाही हो.

पोवई नाका
१३ जुलै २०११ नंतर मुंबईत तसा मोठा स्फोट झालेला नाही. दहशतवादाचा तपास करणारं एनआयए आलं, एनएसजी कमांडोंचं केंद्र मुंबईत आलं, राज्य पोलिसांची कमांडो तुकडी फोर्स वन उभी राहिली. ज्यांचं काम आहे ते करतायत, आपण कशाला डोक्याला ताप करून घ्यायचा.

मिरजेची लेक
मी वेगळ्या बाजूनं बोलते. 'काळजी' शब्द तुम्ही जितक्या सहज टाइप करता तितका सहज तो आमच्या वाट्याला येत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर महिन्याभरात माझा भाऊ पुण्यात खोली शोधत होता, एका सोसायटीत सगळं ठरलं, डिपॉझिटची रक्कम ठरली, आडनाव सांगितलं आणि संध्याकाळी फोन आला की खोली गेली. मिरजेत आम्ही चार पिढ्या, दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्रभर गाणं चालतं तिथं सगळेच मांडीला मांडी लावून बसतात. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली, धर्म विचारून मारली, हे मला तोंडावर बोलायला लाज नाही, चीडच येते. पण त्याच २६ मध्ये सय्यद आदिल हुसेन शाह होता, घोडेवाला, पर्यटकांना वाचवायला गेला आणि मेला. तुमची काळजी त्याला कुठं बसवते ते सांगा. आणि २००६ च्या लोकल स्फोटांत हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं, १९ वर्षांनी. घाबरलेल्या लोकांना लगेच कोणीतरी पकडलेलं दिसायला हवं असतं, त्याची किंमत कोण मोजतं?

माणदेशी
ताई तुमच्या भावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण मी तेव्हा मालाडला राहायचो, मसजिद बंदरला माथाडीत होतो. ११ जुलैला संध्याकाळी ११ मिनिटांत सात स्फोट. आमच्या खोलीतला एकजण त्या दिवशी उशिरा निघाला म्हणून राहिला, त्याचा रोजच्या गाडीतला जोडीदार राहिला नाही. आता कोर्ट म्हणतं हे बारा जण नव्हेत. ठीक, सुप्रीम कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे. पण मग बॉम्ब ठेवले कोणी? ज्यांनी ठेवले ते आज पन्नाशीत कुठंतरी चहा पीत बसले असतील, हा विचार आला की मला झोप येत नाही. चुकीचा माणूस आत गेला म्हणजे बरोबर माणूस बाहेर राहिला, ह्याची काळजी तरी दोघांनी मिळून करूया की.

मिरजेची लेक
हे मात्र मान्य. शंभर टक्के.

रिटायर्ड सुभेदार
अपशिंग्याचा आहे, २४ वर्षं नोकरी, त्यातली सात वर्षं काश्मीर खोऱ्यात. भीती आणि लक्ष ह्यात फरक असतो पोरांनो. घाबरलेल्या जवानाला काही दिसत नाही, तो आवाजावर गोळी घालतो. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ ला कुपवाड्यात गेले, त्यांच्या पत्नी २०१७ ला अधिकारी होऊन त्याच फौजेत दाखल झाल्या, घर भीतीवर चाललं असतं तर हे झालं असतं का. पोवई नाकावाल्यांना एक सांगतो. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ १० नोव्हेंबर २०२५ ला गाडीत स्फोट झाला ना, त्याच दिवशी फरिदाबादला जवळजवळ २९०० किलो स्फोटक सामान सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं. तपास सुरू कुठून झाला? श्रीनगरच्या नौगाममध्ये भिंतीवर लागलेल्या धमकीच्या पोस्टरवरून. कागदाच्या तुकड्यावरून. यंत्रणा बघतेच, पण तिला पहिला धागा बऱ्याचदा अशा बारीक गोष्टीतनंच मिळतो. आडनाव बघून संशय घेणारा माणूस असल्या कामाला शून्य उपयोगाचा, कारण तो माणसाकडं बघत बसतो आणि वस्तू सुटते.

कृष्णाकाठचा
सुभेदारसाहेब, असं कोणी समजावून सांगितलं तर पटतं. माझा विरोध टीव्हीवर रात्री नऊला जे ओरडणं चालतं त्याला आहे, माझी आई ते बघून माझ्या पोराला शाळेच्या सहलीला पाठवू देईना. बाकी पुराचा मुद्दा मी सोडत नाही, जीव दोन्हीकडं जातोच.
बरं, ही चर्चा सुरू करणाऱ्यांना एक विचारायचं राहिलं. त्या सॅकचं पुढं काय झालं? आणि तुम्ही कंट्रोलरला सांगितलं का?

अजिंक्यताऱ्याखाली
नाही सांगितलं. पाऊण तासानं एक कॉलेजचा पोरगा धापा टाकत आला आणि सॅक उचलून घेऊन गेला, झेरॉक्सच्या रांगेत अडकला होता म्हणे. मी अर्धा तास तिच्यापासून चार हातांवर बसून होतो आणि मला वाटत होतं कोणीतरी सांगेलच. ते मनाला लागलं म्हणून तर इथं लिहिलं.
काल मुद्दाम जाऊन कंट्रोलरना भेटलो. विचारलं, अशी बॅग दिसली तर सांगायचं कोणाला. म्हणाले खिडकीत येऊन आम्हाला सांगा, आम्ही पोलिसांना बोलावतो, नाहीतर थेट ११२ लावा, फक्त हात लावू नका आणि आजूबाजूच्यांना शांतपणे लांब करा. मग विचारलं, सांगतात का लोक? ते म्हणाले, आधी यायचे.